९ वर्षं बिनपगारी राबलेला प्रोफेसर आणि तुमच्या ईव्हीच्या बॅटरीतला त्याचा नियम

समजा, देशातल्या एका नामांकित कॉलेजनं तुम्हाला प्रोफेसर म्हणून नेमलं. पद नवंकोरं, मान मोठा. फक्त ऑर्डरमध्ये एक गोष्ट नाही, ती म्हणजे पगार.

तुम्ही काय कराल?

१८७१ साली अमेरिकेतल्या येल कॉलेजनं ३२ वर्षांच्या एका माणसाला मॅथेमॅटिकल फिजिक्सचा प्रोफेसर केलं. अमेरिकेत या विषयाचं हे पहिलंच पद होतं. पगार शून्य. तो माणूस हो म्हणाला आणि पुढची ९ वर्षं त्यानं तसंच काम केलं.

त्याच बिनपगारी वर्षांत त्यानं सुमारे ३०० पानांचा एक निबंध लिहिला. त्या काळी तो वाचून समजणारी माणसं जगभरात बोटांवर मोजण्याइतकी होती. आज मात्र केमिस्ट्री, धातुशास्त्र, खनिजशास्त्र आणि बॅटरी यातलं कुठलंही पुस्तक उघडलं की त्या निबंधातली गणितं समोर येतात. तुमच्या इलेक्ट्रिक गाडीत एलएफपी बॅटरी असेल, तर तिचा टक्का मध्येच गंडतो, याचं कारणही तिथंच सापडतं.

त्या माणसाचं नाव जोसाया विलार्ड गिब्ज.

बारावीच्या केमिस्ट्रीत गिब्ज फ्री एनर्जी शिकताना ज्याच्या नावानं तुम्ही बोटं मोडली असतील, तोच हा गिब्ज.

बंदरावर मोठ्यानं आकडे मोजणारे वडील

गिब्जचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरातला. पाच भावंडांत हा एकटाच मुलगा. वडिलांचं नावही जोसाया विलार्ड गिब्जच. ते येलमध्ये धर्मग्रंथ आणि प्राचीन भाषांचे प्रोफेसर होते.

मुलगा काही महिन्यांचा असताना वडिलांनी केलेलं एक काम अमेरिकेच्या इतिहासात नोंदलं गेलं.

ला अमिस्टाद नावाच्या जहाजावर गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकन लोकांनी बंड केलं होतं. अमेरिकी नौदलानं जहाज पकडलं आणि या लोकांना न्यू हेवनच्या तुरुंगात डांबलं. खटला तर उभा राहिला, पण त्यांची भाषाच कुणाला येत नव्हती. मग त्यांची बाजू कोर्टात मांडायची कशी?

गिब्जचे वडील तुरुंगात गेले. बोटांच्या खुणा करून त्यांनी त्या लोकांकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या बंदरावर ते आकडे मोठ्यानं म्हणत फिरू लागले. अखेर जेम्स कोवी नावाच्या एका खलाशाला ते आकडे ओळखीचे वाटले. भाषा होती मेंडे. दुभाषी मिळाला, कैद्यांची कहाणी कोर्टापुढे आली आणि १८४१ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना मोकळं केलं. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९७ चा 'अमिस्टाद' हा सिनेमा याच खटल्यावर आहे.

गिअरचे दात, रेल्वेचा ब्रेक आणि तीन वर्षं युरोप

मुलगा मात्र बंदरावर ओरडत फिरणाऱ्यातला नव्हता. शांत, कमी बोलणारा, पुस्तकात डोकं घालून बसणारा.

पंधराव्या वर्षी तो येलमध्ये दाखल झाला. लॅटिन आणि गणितात बक्षिसं मिळवत १८५८ साली ग्रॅज्युएट झाला. १८६३ साली त्यानं पीएचडी केली, विषय होता गिअरच्या चाकाचे दात कोणत्या आकाराचे असावेत. अमेरिकेत इंजिनिअरिंगमध्ये मिळालेली ही पहिली पीएचडी. १८६६ साली त्यानं रेल्वेच्या ब्रेकमधल्या एका सुधारणेचं पेटंटही घेतलं.

म्हणजे पुढे ज्याला जग निव्वळ कागदावरचा थिअरीवाला म्हणून ओळखणार होतं, त्याची सुरुवात चाकं आणि ब्रेकपासून झाली होती.

तोवर आई-वडील दोघंही गेले होते. वडिलांच्या मागे थोडीफार पुंजी होती. तिच्या जोरावर १८६६ साली गिब्ज बहिणींसोबत युरोपला गेला. एक वर्ष पॅरिस, एक बर्लिन, एक हायडेलबर्ग. बर्लिनमध्ये वायरस्ट्रास आणि क्रोनेकर हे गणिती होते, हायडेलबर्गमध्ये किर्खहॉफ आणि हेल्महोल्त्झ. फिजिक्स आणि गणितात तेव्हा युरोपात काय चाललंय, हे त्यानं जवळून पाहिलं.

१८६९ साली तो न्यू हेवनला परतला. त्यानंतर त्यानं ते शहर क्वचितच सोडलं. वडिलांनी बांधलेल्या घरात बहीण आणि मेहुण्यांसोबत तो आयुष्यभर राहिला. लग्न केलं नाही.

आणि मग आली ती बिनपगारी ऑर्डर.

आता कुणी म्हणेल की येलनं त्याला सरळसरळ राबवून घेतलं. तसं थोडं होतंही. पण हेही लक्षात घ्यायला हवं की तोवर त्याच्या नावावर एकही रिसर्च पेपर छापलेला नव्हता, आणि घरच्या पुंजीमुळे त्याचं पगारावाचून अडत नव्हतं. ती पुंजी नसती तर ही गोष्ट बहुधा इथंच संपली असती.

मॅक्सवेलनं पाठवलेला प्लास्टरचा डोंगर

गिब्जचा पहिला पेपर १८७३ साली आला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. त्याच वर्षी दुसराही आला. दोन्ही 'ट्रान्झॅक्शन्स ऑफ द कनेक्टिकट अकॅडमी' या स्थानिक नियतकालिकात. युरोपातले मोठे शास्त्रज्ञ ते नियमितपणे वाचत असण्याची शक्यता कमीच. म्हणून गिब्जनं एक साधं काम केलं. स्वतःच्या पेपरच्या प्रती त्यानं युरोपातल्या शास्त्रज्ञांना पोस्टानं पाठवल्या.

त्यातली एक प्रत जेम्स क्लर्क मॅक्सवेलच्या हाती पडली. वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांना एका सूत्रात बांधणारा तो हाच मॅक्सवेल.

गिब्जची कल्पना अशी होती. एखाद्या पदार्थाची ऊर्जा, एंट्रॉपी आणि आकारमान या तीन गोष्टी तीन दिशांना मोजा. त्यातून एक पृष्ठभाग तयार होतो, चढउतार असलेल्या जमिनीसारखा. त्यावर एक सपाट काच टेकवली, तर ती कुठं एकाच ठिकाणी टेकते आणि कुठं दोन-तीन ठिकाणी. एका ठिकाणी टेकली तर तो पदार्थ एकाच रूपात टिकतो. दोन ठिकाणी टेकली तर तो दोन रूपांत विभागून टिकतो, पाणी आणि वाफ जशी शेजारी शेजारी राहतात तसा.

मॅक्सवेलला हे इतकं आवडलं की पाण्यासारख्या एका काल्पनिक पदार्थाचा हा पृष्ठभाग त्यानं स्वतःच्या हातांनी मातीत घडवला, त्याचे प्लास्टरचे साचे काढले आणि एक थेट गिब्जला पाठवून दिला. तो आजही येलकडे आहे.

एका अनोळखी, बिनपगारी प्रोफेसरला मिळालेली ही पहिली मोठी पावती.

मीठ थंड होताना काय ठरवतं?

१८७६ आणि १८७८ साली दोन भागांत गिब्जचा मुख्य निबंध आला. नाव होतं 'ऑन द इक्विलिब्रियम ऑफ हेटेरोजिनियस सब्स्टन्सेस'. मराठीत म्हणायचं तर एकजीव नसलेल्या पदार्थांचा तोल. पानं सुमारे ३००, क्रमांक दिलेली समीकरणं ७००.

प्रश्न ऐकायला साधा आहे. दोन गोष्टी एकत्र केल्या तर त्या कधी मिसळून राहतात, कधी वेगळ्या होतात, आणि वेगळ्या झाल्या तर तशाच का राहतात?

तेल आणि पाणी वेगळं होतं, हे आपण रोज बघतो. पण हेच घन पदार्थाच्या पोटातही घडतं, न वितळता.

उदाहरण मिठाचं घेऊ. आपलं रोजचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. बाजारात जे लो सोडियम मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराइडही असतं. दोन्ही आयनिक घन पदार्थ. म्हणजे धन आणि ऋण भार असलेले आयन एकाआड एक, विटा रचाव्यात तसे रचलेले.

या दोन क्षारांचा एकच मिश्र स्फटिक बनवला, तर सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वर दोघं कुठल्याही प्रमाणात एकजीव राहतात. सोडियमच्या जागी पोटॅशियम, पोटॅशियमच्या जागी सोडियम, सगळं खपतं. उष्णतेनं आयन इतके थरथरत असतात की मिसळून राहणंच सोयीचं पडतं.

तोच स्फटिक सावकाश थंड केला की गडबड सुरू होते. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा बराच मोठा आहे. लहान खुर्चीत मोठा माणूस बसवला की शेजारचेही आक्रसतात, तसं स्फटिकात ठिकठिकाणी ओढाताण होते. तापमान उतरल्यावर मिसळण्याचा फायदा कमी होतो आणि ओढाताणीचा खर्च जड व्हायला लागतो. मग घन असलेल्या त्या स्फटिकात आयन हळूहळू जागा बदलतात. काही भाग सोडियमनं भरतो, काही पोटॅशियमनं. याला फेज सेपरेशन म्हणतात. फेज म्हणजे ज्याची घडण आणि गुणधर्म आतून सगळीकडे सारखे आहेत, असा भाग.

यात एक बंधनही आहे. आयनांवर भार असतो आणि स्फटिकाचा कुठलाही भाग विजेच्या दृष्टीनं एकतर्फी होऊन चालत नाही. सोडियम आणि पोटॅशियम दोघांवरही सारखाच एक धन भार, म्हणून त्यांची अदलाबदल जमते. जिथं भार वेगळे असतात तिथं एका आयनासोबत दुसऱ्यालाही हलावं लागतं आणि सगळंच फार हळू होतं.

समान वाटणी म्हणजे तोल नाही

इथं गिब्जची सगळ्यात मोठी कल्पना येते.

आपल्याला वाटतं की तोल म्हणजे सगळीकडे सारखं प्रमाण. पाण्यात रंगाचा थेंब टाकला की शेवटी सगळं पाणी एकाच रंगाचं होतं, तसं. गिब्जनं दाखवलं की तोलाची खरी खूण वेगळी आहे. त्यानं एक नवी राशी मांडली, जिला आज आपण केमिकल पोटेन्शियल म्हणतो.

नळीनं जोडलेल्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एक रुंद, एक अरुंद. पाणी वाहायचं थांबतं तेव्हा दोन्हीत पाणी सारखं नसतं, पातळी सारखी असते. केमिकल पोटेन्शियल म्हणजे ही पातळी. पोटॅशियम जास्त असलेला भाग आणि कमी असलेला भाग, दोन्हीकडे पोटॅशियमची पातळी सारखी झाली की आयनांचं वाहणं थांबतं. प्रमाण वेगळंच राहतं, तरीही तोल पक्का.

म्हणजे वेगळं होणं हा बिघाड नाही. काही परिस्थितीत तोच पदार्थाचा सगळ्यात स्थिर संसार असतो.

आता हे वेगळं होणं सुरू कसं होतं? गिब्जनं पदार्थाची परीक्षा दोन प्रकारांनी घेतली.

पहिला प्रकार, लहानशा जागेत मोठा बदल. साखरेचा पाक थंड होताना त्यात एखादा दाणा पडला की त्याच्याभोवती साखर जमायला लागते. दाणा नसेल तर पाक बराच वेळ तसाच राहू शकतो. दुसरा प्रकार, मोठ्या भागात पसरलेला अगदी हलका बदल. काही स्थितींत पदार्थ इतका अस्थिर असतो की कुठल्याही दाण्याची गरज लागत नाही, सगळीकडे एकदमच फूट पडते. या दोन वागण्यांमधली सीमा गिब्जनं गणितानं आखली. तिला आज स्पायनोडल म्हणतात.

दोन फेजच्या मधली हद्दसुद्धा फुकट नसते, हेही त्यानं हिशेबात धरलं. प्रत्येक हद्दीला ऊर्जा खर्च होते. म्हणूनच फूट पडली तरी पदार्थ हवे तेवढे तुकडे करत बसत नाही. खूप लहान तुकडे म्हणजे खूप हद्दी, खूप हद्दी म्हणजे खूप खर्च. घन पदार्थात याला ओढाताणीचा खर्चही जोडला जातो. या हिशेबातून पातळ थर, पट्टे, दाणे अशा सूक्ष्मरचना तयार होतात.

अशी एक रचना तुम्ही दागिन्यांच्या दुकानात पाहिली असेल. मूनस्टोन, म्हणजे चंद्रकांत मणी. हा फेल्डस्पार जातीचा दगड. तापलेला असताना त्यात सोडियम आणि पोटॅशियम मिसळलेले असतात. जमिनीखाली तो सावकाश थंड होताना दोघं अतिशय पातळ थरांत वेगळे होतात. या थरांवर प्रकाश विखुरतो आणि दगडावर ती निळसर चांदण्यासारखी झाक दिसते. दागिन्यात आपण जे मिरवतो, ते फेज सेपरेशनच असतं.

मग हे थर आणखी जाड होत होत शेवटी एक का होत नाहीत? कारण थंड दगडात आयनांना हलताच येत नाही. सगळ्या रचना तोलाच्या तळाशी पोहोचलेल्या असतात असं नाही, काही वाटेतच अडकतात. खरा तोल वेगळा आणि आतल्या अडथळ्यामुळे नुसतंच थबकणं वेगळं, हा फरकही गिब्जनं निबंधाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवला होता.

छापलं, पण वाचलं कुणी?

हा निबंध छापणं कनेक्टिकट अकॅडमीला परवडणारं नव्हतं. शहरातल्या व्यापाऱ्यांकडून आणि प्रोफेसरांकडून त्यासाठी वर्गणी जमवावी लागली. आत काय लिहिलंय, हे समजणारं त्यात कुणी असेल का, शंकाच आहे. माणसावर विश्वास टाकून पैसे दिले गेले.

युरोपात मॅक्सवेल गिब्जचं काम लोकांना सांगत होता. पण १८७९ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी मॅक्सवेल गेला आणि गिब्जचा सगळ्यात मोठा वाचकही गेला.

गिब्जची लिहिण्याची पद्धतही वाचकाला सांभाळून घेणारी नव्हती. उदाहरणं कमी, आकृत्या मोजक्या, एकेक वाक्य तोलून मापून लिहिलेलं. केमिस्ट लोकांना गणित झेपेना आणि गणितवाल्यांना केमिस्ट्रीत रस नव्हता.

याची किंमत इतरांनी मोजली. जर्मनीत हेल्महोल्त्झनं १८८२ साली फ्री एनर्जीची कल्पना स्वतःच्या वाटेनं पुन्हा मांडली. तरुण मॅक्स प्लांकनं अनेक वर्षं मेहनत केली आणि नंतर त्याला कळलं की आपले कितीतरी निष्कर्ष गिब्जनं आधीच काढून ठेवलेत.

इकडे १८८० साली बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीनं गिब्जला वर्षाला ३,००० डॉलरची ऑफर दिली. तेव्हा कुठं येलला जाग आली. येलनं २,००० डॉलर देऊ केले. एक हजारानं कमी असूनही गिब्जनं येलच निवडलं. त्याच्या हातात पगार पडू लागला तोवर तो ४१ वर्षांचा झाला होता.

यानंतरचं त्याचं आयुष्य बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. घर, कॉलेज, फिरायला जाणं, पुन्हा घर. वर्गात मोजकीच मुलं. पण त्या मोजक्या मुलांत अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर होता आणि रेडिओच्या इतिहासात नाव कोरलेला ली डी फॉरेस्टही होता. मुलांसाठी त्यानं व्हेक्टरच्या नोट्स स्वखर्चानं छापल्या. आज इंजिनिअरिंगची मुलं डॉट प्रॉडक्ट आणि क्रॉस प्रॉडक्ट लिहितात, ती मांडणी त्याच नोट्समधून आली.

हळूहळू युरोपला जाग आली. नेदरलँड्समध्ये व्हॅन डर वाल्सनं रोझेबोम या केमिस्टचं लक्ष गिब्जच्या नियमाकडे वेधलं आणि रोझेबोमनं तो प्रयोगशाळेत वापरून दाखवला. १८९२ साली विल्हेल्म ओस्टवाल्डनं मुख्य निबंध जर्मनमध्ये आणला. १८९९ साली ले शातेलिएनं त्याचा पहिला भाग फ्रेंचमध्ये आणला. १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं गिब्जला कोपली मेडल दिलं, त्या काळच्या विज्ञानातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक.

१९०२ साली त्याचं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवरचं पुस्तक आलं. २८ एप्रिल १९०३ रोजी न्यू हेवनमध्येच त्याचं निधन झालं. वय ६४.

आता येऊ तुमच्या बॅटरीकडे

गिब्जच्या निबंधात एक छोटासा नियम आहे, फेज रूल. पदार्थात स्वतंत्र घटक किती ते मोजा. त्यातून फेज किती ते वजा करा. २ मिळवा. जे उत्तर येईल तेवढ्याच गोष्टी तुम्हाला मनासारख्या बदलता येतात, बाकी निसर्ग ठरवतो.

प्रेशर कुकर घ्या. घटक एक, पाणी. फेज दोन, पाणी आणि वाफ. १ वजा २ अधिक २ म्हणजे १. तुम्ही फक्त प्रेशर ठरवा, तापमान आपोआप ठरतं. म्हणून उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर अडतं आणि कुकरमध्ये १२० च्या आसपास जातं. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या पातेल्यातलं पाणी १०० च्या पुढं जात नाही, फक्त लवकर आटतं.

आता १९९७ सालात या. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या ऑस्टिन कॅम्पसमध्ये अक्षय पाढी, नंजुंदास्वामी आणि जॉन गुडइनफ यांच्या टीमनं लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पेपर छापला. हीच ती एलएफपी. गुडइनफला पुढे २०१९ साली केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं. योगायोग असा की तो शिकला होता येलमध्येच.

हाही एक आयनिक घन पदार्थ. बॅटरी वापरताना लिथियमचे आयन त्यात शिरतात, चार्ज करताना बाहेर पडतात. आपल्याला वाटेल की अर्धी बॅटरी म्हणजे सगळीकडे अर्धं लिथियम. पण तसं होत नाही. पदार्थ दोन फेजमध्ये विभागला जातो. एक भाग लिथियमनं जवळपास भरलेला, दुसरा जवळपास रिकामा. बॅटरी वापरत गेलं की भरलेला भाग वाढतो, रिकामा घटतो, पण दोन्ही भागांची जात तीच राहते. उकळत्या पातेल्यात पाणी कमी होतं आणि वाफ वाढते, पण तापमान हलत नाही, अगदी तसं.

फेज रूल लावा. घटक दोन, लिथियम आणि आयर्न फॉस्फेट. फेज दोन. २ वजा २ अधिक २ म्हणजे २. त्यातलं तापमान आणि दाब बाहेरच्या हवेनं ठरवलेले. हातात उरलं शून्य. म्हणजे लिथियमची पातळी, तेच ते केमिकल पोटेन्शियल, बदलूच शकत नाही. आणि बॅटरीचा व्होल्टेज या पातळीवरच ठरतो. म्हणून लिथियम धातूच्या तुलनेत या पदार्थाचा व्होल्टेज सुमारे ३.४ वर येऊन बसतो आणि बॅटरी भरलेली ते रिकामी होईपर्यंतच्या बहुतेक प्रवासात तिथंच राहतो.

फायदा असा की ताकद शेवटपर्यंत एकसारखी मिळते. तोटा असा की व्होल्टेज बघून किती टक्के उरलेत, हे गाडीच्या कॉम्प्युटरला नीट कळत नाही. ७० टक्के आणि ४० टक्के यांत फरकच फार कमी. तो आलेल्या-गेलेल्या करंटचा हिशेब ठेवत राहतो आणि हिशेब हळूहळू चुकत जातो. व्होल्टेज स्पष्टपणे वर चढतो तो फक्त पूर्ण चार्जच्या टोकाला. म्हणूनच एलएफपी बॅटरीच्या अनेक गाड्यांना अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला सांगतात. त्या टोकाला पोहोचलं की कॉम्प्युटरचा हिशेब पुन्हा जुळतो.

गिब्जची हद्दीच्या खर्चाची गोष्टही इथं कामाला येते. एलएफपीचे कण अगदी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके केले की एका कणात दोन फेज आणि मधली हद्द सांभाळणं महाग पडतं. मग फूट पडण्याची ओढ कमी होते. हद्दींचा हा हिशेब पुढे नेणारं काम जॉन कान आणि जॉन हिलियार्ड यांनी १९५८ साली केलं. आज घन पदार्थातले थर आणि पट्टे कसे तयार होतात हे कॉम्प्युटरवर बघायचं तर त्यांचं समीकरण लागतं, आणि त्याचा पाया गिब्जचा आहे.

२००५ साली अमेरिकेच्या पोस्ट खात्यानं गिब्जवर तिकीट काढलं. आपले पेपर पोस्टानं जगभर धाडून वाचक शोधणाऱ्या माणसाचा सन्मान पोस्ट खात्यानंच करावा, हेही जुळून आलं.

हुशार माणसाला पगाराची गरज नसते, असा या गोष्टीचा अर्थ कुणी काढू नये. गिब्जच्या मागे वडिलांचं घर होतं, पुंजी होती, सांभाळून घेणारी बहीण होती. त्याच्याइतकीच बुद्धी असलेले आणि यातलं काहीच नसलेले कितीजण तेव्हा गिअर आणि ब्रेकवरच थांबले असतील, याचा हिशेब कुठल्याही नियतकालिकात छापलेला नाही.

गिब्जचा हिशेब मात्र छापला गेला, तोही शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून. त्या वर्गणीतून छापलेला नियम आज रस्त्यावर धावतोय.